विटाळ पाण्याला, नफ्याला नाही

आपल्या कवितेत 'गुलाम' हा शब्द फार स्वस्त झाला आहे. अंकासाठी पाकिटं येतात, त्यातल्या निम्म्या कवितांत गुलाम असतो, बेड्या असतात, चाबूक असतो आणि अटलांटिक ओलांडणारं एक जहाज असतं. जहाज कुणाचं, आत कोंबलेल्या माणसाची किंमत कोणत्या मालात चुकती झाली, दलाली कुणाच्या वहीत जमा पडली, हे एकही कवी विचारत नाही. शिव्या गोऱ्यांना देऊन कविता संपते. गोरा लांब आहे. लांबच्याला शिव्या द्यायला काही लागत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. गुलामांचा व्यापार ही परमुलखातली गोष्ट नाही. आपल्या किनाऱ्यावर तो झाला, आपल्या लिपीत त्याचे कागद लिहिले गेले. आणि ज्या समाजाने माणसाच्या सावलीचा, पाण्याच्या थेंबाचा विटाळ मानला, त्या समाजाच्या प्रतिष्ठित पेढ्यांना माणूस विकून आलेल्या पैशाचा विटाळ कधी झाला नाही. मराठी इतिहासलेखन इथे गप्प बसलं. आपल्या लेखनानेही हे गप्प बसणं मोडलं नाही, म्हणून हा लेख.

कर्नाळ्याच्या पायथ्याशी आमच्याकडच्या पोरांचा अभ्यासवर्ग चालतो. तिथे जोतीरावांची 'गुलामगिरी' वाचायला घेतली. एका पोराने विचारलं, 'हे पुस्तक अमेरिकेच्या लोकांना अर्पण का केलं? गुलाम तर तिकडं होते, हिकडं कुठं होते?' प्रश्न रास्त आहे. १८७३ साली पुस्तक निघालं, तेव्हा अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने बंद होऊन आठ वर्षं झाली होती. फुल्यांनी तिथल्या सज्जनांचं कौतुक केलं आणि लगेच आपल्या देशबांधवांना सांगितलं की शूद्र भावांना सोडवताना हा कित्ता गिरवा. आपण ती अर्पणपत्रिका आभारपत्र म्हणून वाचतो. ते आभारपत्र नाही. जोतीराव आरसा अमेरिकेचा घेतात आणि धरतात पुण्याच्या तोंडापुढे.

पण त्या पोराचा दुसरा प्रश्न उरतोच. हिकडं कुठं होते?

उत्तर फार लांब नाही. कर्नाळ्याचा सुळका ज्या वाटेवर पहारा देत उभा आहे, ती कोकणातल्या बंदरांकडून बोरघाटाकडे जाणारी व्यापाराची वाट. किल्ल्यांच्या पुस्तकात कर्नाळ्याचा इतिहास पाच ओळींत आटोपतो : यादव, निजामशाही, १५४० च्या सुमारास पोर्तुगीज, १६७० साली शिवाजी महाराज, १८१८ साली इंग्रज. पोर्तुगीज इथे आले कसे? निजामशहाने किल्ला घेतला, तेव्हा गुजरातच्या सुलतानाच्या बाजूने वसईच्या पोर्तुगीज कप्तानाची मदत मागितली गेली. म्हणजे वसई, चौल आणि गोवा ज्यांच्या ताब्यात होतं, तेच लोक या डोंगरावर चढले होते. पुस्तकात त्यांच्या तोफा आहेत. त्यांचा गुलामांचा बाजार नाही.

तो बाजार गोव्यात होता. लिन्सखोतेन नावाचा डच माणूस १५८३ पासून पाच वर्षं गोव्यात आर्चबिशपच्या चाकरीत होता. जुन्या गोव्याच्या मुख्य रस्त्यावर, रुआ दिरेतावर, रोज सकाळी लिलाव चाले आणि त्यात घोड्यांबरोबर माणसंही विकली जात, असं त्याने लिहून ठेवलंय. पुढे पिरार द लाव्हाल या फ्रेंच प्रवाशानेही तेच पाहिलं. पूर्व आफ्रिकेतून काफ्री आणत, हिंदुस्थानातलीही माणसं धरून आणत. बाप्तिस्मा देऊन नवं नाव देत आणि विकत. मूळ नाव तिथेच मरे.

इथपर्यंत आपला वाचक म्हणेल, हे तर पोर्तुगिजांचं पाप. थांबा. खरी गोष्ट पुढे आहे.

अठराव्या शतकात फ्रेंचांनी मॉरिशस बेटावर मळे उभे केले. मळ्याला माणूस लागतो, जहाजाने भरून लागतो. तो मोझांबिकहून, मादागास्करहून जाई आणि गोव्यातूनही जाई. १७७३ ते १७९१ या काळात फ्रेंचांनी गोव्यातून गुलामांचा कसा व्यापार केला, याचा माग तेओतोनियो द सौझा या गोव्याच्या इतिहासकाराने काढला. कशावरून काढला? पणजीच्या म्हामाई कामत या सारस्वत पेढीच्या कागदांवरून. ही पेढी म्हणजे त्या काळच्या गोव्यातलं बडं घर. तंबाखू, अफू, कापड, जहाजांचा माल अशा सगळ्यांत तिचा हात, आणि गोव्यात फ्रेंचांची दलाली तिच्याकडे. तिच्या कागदांत पोर्तुगीज आहे, फ्रेंच आहे आणि मोडीतली मराठीही आहे. ते पुढे पर्वरीच्या झेवियर संशोधन केंद्रात अभ्यासासाठी आले. घराण्याच्या पुढच्या पिढ्यांनी ते जाळले नाहीत, संशोधकाच्या हाती जाऊ दिले, ही त्यांच्या जमेची बाजू. ती मी पहिल्यांदा मांडतो, कारण आपल्याला आजच्या वारसाच्या रक्तात पाप शोधायचं नाही. रक्तात पाप शोधणं हा मनूचा धंदा, आपला नव्हे.

आपल्याला व्यवहार शोधायचा आहे. आणि व्यवहार नीट बघितला की जातीचं कामकाज उघडं पडतं. धर्मशास्त्राने सिंधुबंदी घातली होती : समुद्र ओलांडला की जात गेली. जहाजावर पाऊल न ठेवता मात्र माणूस पाठवता येई. दलाल धक्क्यावर थांबे. फ्रेंच कप्तानाशी बोलणी करी, हुंडी लिही, आपला टक्का घेई, घरी जाऊन आंघोळ करून सोवळ्यात पानावर बसे. सिंधुबंदी माणसाला होती, दलालीला नव्हती. विटाळ देहाला होई, रोख्याला होत नसे.

गुजरातच्या वाण्यांनी तर समुद्रही ओलांडला. दीव-दमणचे व्यापारी मोझांबिकला जाऊन बसले. त्यांनी नेलेलं कापड, त्यातलं पुष्कळ भडोच जिल्ह्यातल्या जंबुसरच्या मागांवरचं, हेच तिथलं चलन होतं. कापड देऊन हस्तिदंत घेत आणि कापड देऊनच माणूस घेत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मोझांबिकहून हजारोंनी गुलाम ब्राझीलला गेले, म्हणजे तुमच्या कवितेतला अटलांटिक ओलांडूनच गेले. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरही इंग्रज-फ्रेंच व्यापारी गुलामांच्या बदल्यात जो माल देत, त्यात हिंदुस्थानी कापडाचा वाटा मोठा होता. तेव्हा त्या काळ्या जहाजाच्या तळाशी आपल्याकडचा कापडाचा गठ्ठा होता. मागावर बसलेल्या विणकराला त्याचं काय मिळालं असेल, ते सांगायला नको. नफा वर गेला.

फ्रेंचांनी पूर्व आफ्रिकेची माणसं मॉरिशसवरच ठेवली नाहीत, आफ्रिकेला वळसा घालून साँ-दोमिंगच्या उसाच्या मळ्यांतही नेली. त्याच साँ-दोमिंगच्या गुलामांनी ऑगस्ट १७९१ मध्ये मळे पेटवले आणि १८०४ साली हैती हे स्वतंत्र राष्ट्र उभं केलं. आपल्या पोरांना टिळकांच्या चतुःसूत्रीचं साल पाठ असतं. १८०४ हे साल कुणी शिकवलं नाही.

आता समीक्षेकडे येतो. मराठीत एक साहित्यप्रकार आहे, त्याला आपण साहित्य म्हणतच नाही म्हणून त्याची समीक्षाही होत नाही. तो प्रकार म्हणजे कुलवृत्तांत. जाडजूड पुठ्ठ्याचा ग्रंथ. आधी मूळ पुरुष, गोत्र, कुलदैवत. मग वंशावळ, झाडासारखी फांद्या फुटत जाणारी. मग कोण कुठल्या दरबारी गेला, कुणाला इनाम मिळालं, कुणी देवळाला घंटा दिली, कुणी घाट बांधला. बायका आहेत, पण माहेरचं नाव पुसून. आणि ज्यांच्या पाठीवर हा सगळा वाडा उभा राहिला त्या माणसांची, म्हणजे पाणी भरणाऱ्या कुणबिणीची, दळणाऱ्या बटकीची, विकत घेतलेल्या पोराची एक ओळ नाही. त्यांना वंशावळ नसते. त्यांना फक्त किंमत असते, आणि किंमत दुसऱ्या वहीत लिहिलेली असते.

घराण्याची पुस्तकं दोन. एक छापलेलं, एक न छापलेलं. छापलेल्यात दान आहे, न छापलेल्यात दाम आहे. कुलवृत्तांत आणि खतावणी शेजारी-शेजारी ठेवून वाचली की त्या घराची पुरी गोष्ट हाती लागते. आपल्या समीक्षकांनी कथा-कादंबऱ्यांवर रकाने भरले, पण ही दोन पुस्तकं एकत्र कुणी वाचली नाहीत. पांढरपेशा समीक्षक ती वाचणार नाही, त्याच्या आजोबाचं नाव पहिल्या पुस्तकात आहे. वाचायची तर आपणच वाचायला पाहिजेत.

कुणबीण म्हटलं की आपली पोरं कुणब्याची बायको समजतात. मोल्सवर्थचा कोश उघडून बघा, त्यात कुणबीण म्हणजे दासी, गुलाम बाई, हा अर्थ दिलाय. पेशवाईत कुणबिणींची खरेदी-विक्री राजरोस चाले. शिंदळकीचा आरोप आलेल्या बाईला सरकारजमा करून किल्ल्यावर, कोठीत, पागेत राबायला धाडत. शिवाजी महाराजांनी १६७७ साली कर्नाटकच्या स्वारीत डचांना दिलेल्या कौलात माणसांच्या खरेदी-विक्रीला मनाई केली होती. शंभर वर्षांत त्याच राज्याच्या नावाने कारभार करणाऱ्यांच्या दप्तरात माणूस पुन्हा जिन्नस होऊन बसला. ही गोष्ट शिवजयंतीच्या भाषणात येत नाही.

आणि 'बटकीचा' ही शिवी? ती आजही जिवंत आहे. बटीक म्हणजे गुलाम बाई, बटकीचा म्हणजे तिचा पोर. विकत घेणाऱ्याला शिवी नाही, विकल्या गेलेल्या बाईच्या लेकराला शिवी. भाषेने कुणाची बाजू घेतली ते या एका शब्दात दिसतं. ही शिवी आपल्या वस्तीतही चालते. नळावर, पत्त्यांच्या डावात, कवितेतसुद्धा. विद्रोही कविता लिहिणाराने निदान ही शिवी कुणाची बाजू घेते, ते ओळखावं.

आता हरकती. पहिली हरकत विद्वानांची : 'आपल्याकडची गुलामगिरी सौम्य होती. मलिक अंबर गुलाम होता, तो निजामशाहीचा वजीर झाला. अमेरिकेत असं झालं असतं का?' मलिक अंबर मोठाच. हबसाणातून धरलेला पोरगा, हातोहात विकला गेलेला, दख्खनेत मोगलांना पाणी पाजून १६२६ साली वारला. जंजिऱ्याच्या सिद्दींनीही राज्य केलं. पण एक वजीर झाला म्हणून बाजार सौम्य ठरत नाही. गोव्याच्या धन्यांकडून पळालेले सिद्दी घाटावरच्या जंगलात, हल्याळ-यल्लापूरकडे शिरले. त्यांची नातवंडं-पतवंडं आजही तिथे आहेत, घरात कोकणी बोलतात. त्यांना अनुसूचित जमातीत यायला २००३ साल उजाडावं लागलं. मलिक अंबरच्या नावाने गुलामगिरीची भलामण करणारा विद्वान यल्लापूरच्या सिद्दी बाईला भेटलेला नसतो. आपल्याकडेही हेच चालतं : एक कलेक्टर दाखवायचा आणि हजार सफाई कामगार झाकायचे.

दुसरी हरकत आपल्यातलीच : 'अस्पृश्यता गुलामगिरीपेक्षा वाईट होती, हे बाबासाहेबांनीच सांगितलंय. मग गुलामगिरीकडे कशाला वळायचं?' बाबासाहेबांनी ही तुलना सविस्तर केली, ती नीट वाचा. गुलाम धन्याची मालमत्ता होता म्हणून धन्याला त्याला जगवण्यात स्वार्थ होता. अस्पृश्याला राबवून घेणाऱ्यावर त्याला जगवायची जबाबदारी नव्हती. गुलाम कायद्याने मुक्त होऊ शकत होता, अस्पृश्याला तो दरवाजाच नव्हता. ही तुलना एकाचं दुःख मोठं आणि दुसऱ्याचं लहान ठरवायला केलेली नाही. राबवणाऱ्याचा हिशेब दोन्हीकडे कसा चालतो, ते दाखवायला केली आहे. म्हणूनच १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतल्या निग्रो चळवळीचे विचारवंत डुबॉइस यांना पत्र लिहिलं. म्हणूनच १९७२ साली मुंबईच्या पोरांनी पँथर हे नाव घेतलं. नाव घेतलं ते नात्यासाठी, शोभेसाठी नाही.

तिसरी हरकत धर्माची. कुणी म्हणेल हे मुसलमानांनी आणलं, कुणी म्हणेल ख्रिस्त्यांनी. अरब होते, पोर्तुगीज पाद्री होते, फ्रेंच होते, डच होते. इंग्रज कंपनीनेही मादागास्करचे गुलाम मुंबईत आणून राबवले. आणि वाणी, सारस्वतही होते. यादीतून एकाला काढायचं आणि बाकीच्यांवर दगड मारायचे, हे आपलं काम नाही. नफ्याच्या पंगतीत सगळे एका ओळीत बसले. रोटीव्यवहार नसलेल्यांचा इतका मनमोकळा पैशाचा व्यवहार दुसऱ्या कुठल्या धंद्यात दिसेल?

इथे महाड आठवतं. कर्नाळ्याखालून जाणारा मुंबई-गोवा रस्ता पुढे महाडला पोचतो आणि तिथून खाली गोव्यात. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि आपली माणसं चवदार तळ्याचं पाणी प्याली, तर तळं शुद्ध करायला गोमूत्र-शेणाच्या १०८ घागरी लागल्या. आता त्याच रस्त्याने मनाने आणखी खाली पणजीला जा. ज्या शतकात बंदरात माणसं मोजून जहाजावर चढवली जात होती, त्या शतकातल्या कुठल्या पेढीच्या तिजोरीवर पंचगव्य शिंपडल्याचं कुणी ऐकलंय? एका माणसाने ओंजळभर पाणी घेतलं तर तळं बाटतं. शंभर माणसं विकून आलेली थैली मात्र देवघरात पूजेला चालते. विटाळ हा धर्माचा नियम आहे असं आपल्याला सांगितलं गेलं. तो मालकीचा नियम आहे. ज्याच्याकडून घ्यायचं त्याच्या पैशाला विटाळ नाही, ज्याला द्यायचं नाही त्याच्या ओंजळीला विटाळ आहे.

आणि हिशेब मिटला तेव्हा पैसे कुणाला मिळाले? ब्रिटिश पार्लमेंटने १८३३ च्या कायद्याने गुलाम मुक्त केले आणि दोन कोटी पौंड नुकसानभरपाई दिली. गुलामांना नाही, मालकांना. कंपनीच्या ताब्यातला हिंदुस्थान त्या कायद्यातून वगळला होता, इथे कायदा यायला १८४३ उजाडलं. फ्रान्सने १८२५ साली हैतीकडूनच १५ कोटी फ्रँक मागितले, मळेवाल्यांचं नुकसान झालं म्हणून. आपल्याकडे बघा. बाबासाहेबांनी १९२८ साली महार वतन मोडण्यासाठी कौन्सिलात बिल आणलं. वतन मोडलं १९५८ च्या कायद्याने, आणि पिढ्यान्‌पिढ्या राबून ज्या जमिनी वहिवाटल्या, त्या नावावर करून घ्यायला महारांनाच सरकारात कब्जेहक्काची रक्कम भरावी लागली. राबला तो, आणि सुटतानाही पैसे मोजले त्यानेच.

मॉरिशसवर गुलामी १८३५ मध्ये संपली. मळेवाले स्वस्त नाहीत राहिले, हुशार मात्र राहिले. त्यांनी गिरमिटावर माणूस आणायला सुरुवात केली, आणि मुंबई बंदरातून रत्नागिरी-साताऱ्याकडची मराठी माणसं त्याच बेटावर गेली. आज तिथल्या मराठी समाजाचं आपण कौतुकाने ऐकतो. ज्या मळ्यांवर काफ्री राबला त्याच मळ्यांवर आपला कोकण्या राबला, हे कौतुकात राहून जातं.

इंग्लंडात विद्यापीठाच्या अभ्यासकांनी त्या नुकसानभरपाईचे सुमारे ४६ हजार दावे नावानिशी लोकांपुढे ठेवले. कुठल्या घराने किती गुलामांचे किती पौंड घेतले, ते कुणालाही वाचता येतं. २०२० साली ब्रिस्टल शहरातल्या लोकांनी कोल्स्टन या गुलाम-व्यापाऱ्याचा पुतळा ओढून बंदरात टाकला. पुतळा पाडणं मला दुय्यम वाटतं, आधी यादी झाली हे महत्त्वाचं. आपल्याकडे यादी नाही. मोडी कागद पडून आहेत आणि मोडी वाचणारे बहुतेक ज्यांची घराणी त्यात आहेत तेच.

तेव्हा मित्रहो, माझी सूचना रोखठोक आहे. प्रत्येक तालुक्यातल्या अभ्यासवर्गातून दोन पोरं मोडी शिकायला धाडा. पुराभिलेखागाराचे वर्ग चालतात, फी परवडणारी असते. कवींनी जहाज जरूर लिहावं, पण त्यात मिसिसिपीबरोबर मांडवीही वाहू द्यावी. समीक्षकांनी कुलवृत्तांत हातात घ्यावेत आणि त्यात कोण नाही ते शोधावं.

आणि जुनी वही वाचता-वाचता नवी वहीही बघावी. कर्नाळ्याच्या आसपासच्या वाड्यांतली कातकरी कुटुंबं पावसाळा सरला की वीटभट्टीवर, कोळसाभट्टीवर जातात. जाण्याआधी उचल घेतलेली असते. उचलीचा आकडा शेठच्या वहीत असतो, फिटला की नाही हे शेठच सांगतो, आणि नाही फिटला तर पुढच्या हंगामात माणूस पुन्हा त्याच भट्टीवर. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ सालचा आहे. तो कातकऱ्याने वाचलेला नाही, वही शेठच्या हातात आहे. तुमच्यातल्या ज्याला हिशेब येतो त्याने या हंगामात एका वाडीवर जावं, उचल किती, विटा किती, कापली किती, हे कातकऱ्याच्या बाजूने त्याच्याच घरातल्या वहीत लिहून द्यावं. दोनशे वर्षांपूर्वी विकलेल्या माणसाचं नाव आता सापडणार नाही. हे नाव अजून लिहिता येतं.